मांगराची कडी

१६ नोव्हेंबर

पुन्हा आली ती मांजर! न्हाणीच्या धोंड्यावर बसून माशांची खवलं चाटत होती. राखाडी रंग, डाव्या कानाला चीर. मी तांब्याभर पाणी फेकलं. गेली — पण पळाली नाही, चालत गेली. जणू तिचंच काम आटोपलं होतं.

मागे आकांक्षा उभी. "आत्या, पाणी कशाला टाकलंस? थंडी आहे."

तीन महिन्यांत तिने आपणहून बोललेलं हे दुसरं वाक्य. पहिलं होतं, "मला भूक नाही."

१८ नोव्हेंबर

सत्यवानदादाचा फोन. रोजचाच. "शर्मिला, पोरीला जरा समजव गं. गणपतीला आली ती तिकडेच बसली. एक परीक्षा नापास झाली म्हणून कोणी असं करतं?"

एक नव्हे, सीएची तीच परीक्षा तिसऱ्यांदा. ते तो बोलत नाही.

मी अंगणवाडीची बाई. पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना समजावते. रडणाऱ्याला कडेवर घेते, चावणाऱ्याला कोपऱ्यात बसवते. तेवीस वर्षांच्या मुलीला काय करायचं ते आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

ती दिवसभर माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून असते. काल केस विंचरून देत होते तेव्हा म्हणाली, "आत्या, माझ्या हातात काही टिकत नाही गं." मी कंगवा चालवत राहिले. 

अण्णा तिचे आजोबा, पण तिला काहीच विचारत नाहीत. रोज सकाळी नारळ सोलून तिच्यापुढे ठेवतात आणि पाट-विळी सरकवतात. बस्स. ती खोवते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि तेवीस वर्षांची मुलगी, मध्ये नारळ.  मला कधी कधी हेवा वाटतो.

२१ नोव्हेंबर

आकांक्षाच्या ताटातली दोन तळलेली तारली मांजरीसाठी अंगणात गेली. मी पाहिलं. 

२५ नोव्हेंबर

कौल झाला. देवाने हुकूम दिला. चार डिसेंबरला गावपळण!

आकांक्षाने एकही पाहिलेली नाही. दर वेळी तिची शाळा नाही तर क्लास. आज जेवताना विचारत होती.

"म्हणजे सगळे जातात?"

"सगळे."

"आजारी माणसं?"

"पाळण्यातलं मूलसुद्धा. चूल विझवायची, दार ओढून घ्यायचं आणि खाडीपलीकडे राहुट्या ठोकून राहायचं. तीन दिवस, तीन रात्री. गुरं, कोंबड्या, कुत्री — सगळं बरोबर. गावात एक जीव मागे राहता कामा नये."

"आणि मग गावात कोण असतं?"

"देव."

"पण का?"

मला उत्तर येईना. चव्वेचाळीस वर्षं या गावात काढली, अकरा पळणी केल्या, आणि येईना! अण्णांनी हात धुतले, पंच्याला पुसले. म्हणाले, "माणसाक आपला घर भायरसून बघूक व्हया. चार वर्सांनी एकदा तरी."

आकांक्षा त्यांच्याकडे बघत राहिली. ताटातला भात सगळा संपवला तिने.

देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. एकतीस वर्षं अण्णा घालतात. ते म्हणतात आणि गाव मागून "व्हय म्हाराजा" म्हणतो. लहानपणी मला वाटायचं, देव आमच्या अण्णांना ओळखतो. नावाने.

२ डिसेंबर

मांजरीने उंदीर पकडला! तोंडात काहीतरी करडं लोंबत होतं, ते घेऊन घरामागच्या मांगरात शिरली. लाकडं, नारळ, पेंढा, सगळं तिथेच असतं आणि उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. माकडं कौलं उचलतात म्हणून यंदा वर पत्रे घालून घेतले, पण उंदरांना काय त्याचं. बरं वाटलं मला. निदान खाल्लेल्या माशाला जागली म्हणायची.

दार जरा उघडंच ठेवलं. जाऊ दे तिला.

३ डिसेंबर

बांधाबांध. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, दोन टोप, चटया. अंगणवाडीतलं औषधांचं खोकंही घेतलं, तिकडे कोणाचं पोर पडलं-धडपडलं तर लागतं. अण्णांनी स्वतःची वस्तू एकच घेतली: पान-सुपारीची चंची. लाल खणाची, आईने शिवलेली. नाडीचा रंग उडालाय, पण बदलू देत नाहीत.

४ डिसेंबर, संध्याकाळ (राहुटीत)

काय दिवस! क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

तीनला नौबत वाजली. खाडीवरच्या लाकडी साकवाच्या तोंडाशी गुरुदास वही घेऊन उभा — गावच्या मानकऱ्यांतला तरुण, तरुण म्हणजे पन्नाशीचा. प्रत्येक घर आलं की माणसं, गुरं, कोंबड्या विचारून लिहितो आणि पलीकडे सोडतो. आमच्या पुढे शेजारची हौसाबाई, तिच्या चार शेळ्या आणि तिचं तोंड.

आम्ही अंगणाबाहेर पडत होतो तेवढ्यात ओरड झाली. मांजर आमच्या दगडी गडग्यावर बसून सगळ्यांची वरात बघत होती. ऐटीत!

ओरड ऐकून गुरुदास वही घेऊन वर आला, विचारलं, "ह्या मांजार कोणाचा?"

"कोणाचाच नाय," हौसाबाई म्हणाली. "उंडगा आसा. चार घरांचा खाता आणि एकाचाव नाव घेना नाय."

"कोणाचाच नाय म्हणान चलाचा नाय. जीव आसा मा तो? शिवेभायर जावक व्हयो."

"मगे तूच घे काखेत!"

हशा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीसुद्धा — खरं लिहिते — मीसुद्धा दुसरीकडे पाहिलं.

"माझं आहे."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. आकांक्षा! डोक्यावर चटयांची वळकटी, गाल लाल.

"तुझा?" गुरुदास हसला. "मुंबयसून हाडलंस?"

"माझंच आहे. लिहा."

"नाव काय लिवू?"

ती गडबडली. न्हाणीच्या बाजूला पाहिलं. "धोंडी."

परत हशा. पण तिने वळकटी खाली ठेवली, मागे गेली, गडग्यापाशी बसली आणि हात पुढे केला. नुसता हात, मासा नाही, काही नाही. मांजर उतरली आणि तिच्या मांडीत आली. तीन महिने या मुलीला उठवायला आम्ही देवापासून डॉक्टरापर्यंत सगळे केले, आणि ही आपली... मी बघतच राहिले.

आंब्यांच्या झाकणाच्या टोपलीत तिला घातली. तेव्हा मात्र कळलं मांजर म्हणजे काय! आकांक्षाचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. सोडली नाही तिने.

अण्णा सगळ्यांत शेवटी निघाले. उंबऱ्याला हात लावला. मी घराला कुलूप घातलं, मागे जाऊन मांगराची कडी लावली — खाली दाबून, नीट, माकडांना उघडता येऊ नये अशी. सगळं झालं ना ते दोनदा बघितलं.

गुरुदासने अण्णांच्या नावावर लिहिलं: भिकाजी — माणसा तीन, गाय एक, मांजार एक.

आता अंधार पडतोय. पलीकडे गाव. एकाही कौलातून धूर नाही. एक दिवा नाही, कुत्रं नाही, मिक्सरची घरघर नाही. आठ वर्षांची असताना पहिल्यांदा हे नीट पाहिलं तेव्हा मी आईचा पदर धरला होता. आजही हात उगाच शेजारी गेला. माडांची रांग आहे तशीच आहे. त्यांना आमची गरज नाही, हे किती शांतपणे दिसतं!

टोपलीतून मात्र सारखं ओरडणं. थांबतच नाही.

५ डिसेंबर, सकाळ

थांबलीच नाही. पहाटे आकांक्षाने तिला टोपलीतून काढून मांडीवर घेतलं, गळ्यात नाडी बांधून. थोड्या वेळाने मला हाक मारली. "आत्या, ही आजारी आहे का? बघ ना, माझा ड्रेस ओला झालाय."

मी पाहिलं. हात लावला. मुतली नव्हती.

बाळाला घरी ठेवून आलेल्या बायका मी अंगणवाडीत रोज बघते. ब्लाउज भिजला की पदर ओढून घेतात आणि घराकडे बघायला लागतात. हे मला कोणी शिकवायला नको.

"पिल्लं आहेत हिला," मी म्हणाले.

आणि म्हणतानाच आठवलं. तोंडात लोंबणारं करडं. उंदीर नव्हता तो.

गावात जीव राहू नये म्हणून आईला टोपलीत कोंबून आणली आणि पिल्लं मागे! असली चूक आमच्याच गावात होऊ शकते.

आकांक्षा उठलीच. मांजरीला घेऊन साकवाकडे निघाली. गुरुदास आडवा. अण्णाही आले.

"आजोबा, दहा मिनिटं. पिल्लं घेऊन येते फक्त."

"माणसान साकव वलांडूचो नाय, बाय," अण्णा म्हणाले. "तीन रात्री. ह्या मी सांगणय नाय, देव सांगता."

"आणि ती मेली तर?"

अण्णांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला.

"आणि मांजराने ओलांडला तर चालेल?"

अण्णांनी तिच्या हातातल्या मांजरीकडे पाहिलं. "मांजराचा माका म्हायत नाय. मांजरासाठी कौल कोणी लावूक नाय."

हौसाबाई मागून कडाडली, "भिकाजीनू! तुमच्याच घरातसून पळण मोडतली काय?"

तोवर आकांक्षाने मांजरीच्या गळ्यातली नाडी सोडली होती. मांजर खाली ठेवली. साठ-सत्तर माणसं उभी. एक पोर रडेना.

मांजर साकवावर चढली. धावली नाही. फळ्यांवरून, एकेक पाय बघून टाकत, खाली पाणी, पुढे रिकामा गाव. शेपूट सरळ वर. पलीकडे पोचली आणि घाटीच्या वळणावर दिसेनाशी झाली. एकटी. सबंध गावात त्या वेळी चालणारं तेवढंच काय ते!  कोणीतरी मागे हात जोडले, मी आवाज ऐकला बांगड्यांचा.

५ डिसेंबर, दुपार

परत आली. रिकामी. साकवाच्या पलीकडच्या टोकाला बसून ओरडली, पुन्हा गेली. पुन्हा आली. मी मोजलं, सहा वेळा.

"पिल्ला मेली आसतली," हौसाबाई म्हणाली. "म्हणान आराडता ती." बोलून झाल्यावर तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

आकांक्षा अलीकडच्या टोकाला बसून आहे. जेवली नाही. रडतही नाही. मला विचारलं, "आत्या, ती त्यांच्याजवळ का नाही राहत? पुन्हा पुन्हा का येते?"

मी "काय माहीत" म्हणाले.

खोटं. मला तेवढ्यातच कळलं होतं. वर पत्रे आहेत. खिडकीला जाळी. दार तेवढं उघडं होतं आणि त्याची कडी मी लावली. खाली दाबून. नीट.

५ डिसेंबर, संध्याकाळ

अण्णांना सांगितलं. कोणालातरी सांगायलाच हवं होतं. ते फणसाखाली बसून सुपारी कातरत होते, चंची मांडीवर उघडी.

"अण्णा, ती आत जावक शकत नाय. मांगराची कडी मी लावलंय."

अडकित्ता थांबला.

"आनी कोणाक सांगलंस?"

"तुमकाच."

"मगे गप रव."

चंची गुंडाळली, नाडी बांधली, उठले. बस्स! एवढंच! मला इतका राग आला की तिथेच ओरडावंसं वाटलं.

वीस वर्षांपूर्वीच्या पळणीत आईचं दम्याचं औषध घरात राहिलं होतं. माझ्याच हातून, फडताळात. अण्णा साकवापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. परत आले. आई ती सबंध रात्र उकिडवी बसून श्वास ओढत होती आणि हा माणूस तिच्या पाठीवर हात फिरवत होता. सकाळी कसालच्या बाजारातून कोणीतरी औषध आणलं. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, मजेत जगली, कधी एका शब्दाने बोलली नाही. मी मात्र ती रात्र अजून सोडलेली नाही.

बायकोसाठी गेला नाही तो मांजरीच्या पिल्लांसाठी काय जाणार.

आणि मी? मी का जात नाही? रागावणं सोपं आहे. भीती वाटते मला. देवाची की गावाची, ते नाही सांगता येत.

६ डिसेंबर

अंधार पडलाय. तरी लिहिते.

सकाळी अण्णा गाईला पाण्यावर नेऊन आले ते कमरेपर्यंत भिजून. सुकती होती, खाडीत पाणी कमी, तरी एवढे भिजले. "पाय घसरलो," म्हणाले. शिंका सुरू. मी कालचा सगळा राग त्यावर काढला. "या वयात गाय न्यायला दुसरं कोणी नाही का?" वगैरे. त्यांनी मुकाट्याने पंचा बदलला.

दहाच्या सुमाराला मुलं ओरडली. "इली! इली! तोंडात काय तरी आसा!"

साकवाच्या त्या टोकाला धोंडी. तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. करडं, लोंबणारं.

जिवंत! पाय हलत होते!

कोणी काही सांगितलं नाही, पण माणसं आपोआप बाजूला झाली. मधोमध वाट. ती त्या वाटेवरून चालत आली — भांडी, चुली, माणसांचे पाय, गुरुदासची वही, सगळं ओलांडून — आणि पिल्लू आकांक्षाच्या मांडीत ठेवलं. मांडीत! शेजारी नाही. तिच्याकडे एकदा पाहिलं. वळली. परत साकव.

दुसरं आणलं. परत गेली.

तिसऱ्याला वेळ लागला. सगळा गाव साकवाकडे तोंड करून उभा. चुलीवरचा भात करपला तरी कोणी हलेना. मी देवाला काय काय बोलले मला आठवत नाही. मग घाटीच्या वळणावर ती दिसली. हळू. दमलेली. मध्येच पिल्लू खाली ठेवायची, परत उचलायची. साकवाच्या मधोमध बसली. आकांक्षाचा पाय उचलला गेला. मी तिचा दंड धरला.

"नको," मी म्हणाले. "येईल ती."

आली.

ते तिसरं मऊ पडलं होतं. मान सुटलेली. मला हे येतं! निदान हे येतं. पदरात घेतलं, चोळलं, ऊब दिली. खोक्यात लोहाच्या सिरपचा ड्रॉपर होता तो उकळून घेतला. दूध कुठे? तर हौसाबाई वाटी पुढे करून उभी. "घे गो. शेळयेचा आसा. थोडा पाणी घाल, नायतर पॉट फुगात." डोळे पुसत होती आणि वर मलाच दटावत होती, "अशी काय बघतंस? दूधच आसा, ईख नाय!"

थेंब थेंब. अकराव्या की बाराव्या थेंबाला त्याने गिळलं. आकांक्षाच्या तोंडून असा काही आवाज निघाला — हसणं की काय — मी तो तिच्या लहानपणी ऐकला होता.

गुरुदासने वही उघडली. खोडलं, लिहिलं, मोठ्याने वाचलं. "भिकाजी — मांजरा चार." मग खाडीपलीकडे बघून एकदम हळू आवाजात म्हणाला, "आता गाव रिकामो झालो."

कोणी हसलं नाही.

आणि कडी? मी नीट लावली होती. दाबून. दोनदा बघितलं होतं. तिने उघडली कशी? मांजर कडी काढतं का? मला एकच उत्तर सुचतं, आणि ते मी, दर महिन्याला पोरांच्या आयांना "नवस नको, लस द्या" म्हणणारी मी, इथे लिहिते आहे. पलीकडे तीन दिवस देव एकटा होता. त्याच्याशिवाय गावात कोणी नव्हतं.

झोप येणार नाही आज. अण्णा चंची शोधतायत, सापडत नाही म्हणून चिडचिड. नेहमीचंच.

७ डिसेंबर, घरी

सकाळी परतीचा कौल, शिवेवरच्या राखणदाराच्या धोंड्यापाशी. सगळे जमले आणि अण्णा म्हणाले, "माझो घसो बसलो. गुरुदास घालीत गाऱ्हाणा."

"तुमच्याशिवाय कसा व्हयत?" गुरुदास घाबरलाच.

"व्हता. देवाक आवाज नको, माणूस व्हयो."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा! नक्की ताप असणार. मी कपाळाला हात लावायला गेले तर मागे सरले. सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, पोरांच्याही मागे. चपला लांब काढून.

गुरुदासचा आवाज आधी फाटला, मग लागला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तीन दिस तुझी लेकरा तुझ्या हुकमान भायर रवली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागून सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा. घसा बसलेल्या माणसाचा नव्हता तो. मी वळून पाहिलं. डोळे मिटलेले.

मग वाट बघणं. धोंड्यावर लावलेलं फूल हलेना. हौसाबाई पुटपुटत होती, आकांक्षाने माझी बोटं घट्ट धरली होती. तिलाही वाटत असणार, आपल्यामुळे. शेवटी उजवं फूल पडलं. उजवा कौल! नौबत, आरडाओरडा, गुरं उधळली.

घरी आल्याआल्या मी मागे गेले. मांगराची कडी निघालेली. दार हातभर उघडं.

आत पाऊल टाकवेना. बाहेरच उभी राहिले. मग कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि चप्पल काढली.

८ डिसेंबर

अण्णांना ताप. झोपूनच आहेत. काढा दिला.

अंगणवाडीच्या काट्यावर पिल्लांचं वजन केलं. दोनशे साठ, दोनशे चाळीस, आणि मऊ पडलं होतं ते एकशे नव्वद. आकांक्षाने माझ्या जुन्या वहीत तक्ता आखला. तारीख, वेळ, दूध किती, वजन किती. अक्षर सुरेख आहे तिचं. रात्री दोन-दोन तासांनी उठायचं म्हणून मोबाइलवर गजर लावले तिने. मी म्हणाले, मी उठते. तर म्हणाली, "नको आत्या. मी सांगितलंय ना, माझं आहे म्हणून."

दादाचा फोन तिनेच घेतला. "येईन बाबा. जानेवारीत. फॉर्म भरायचाय... पण एकटी नाही येणार. आम्ही पाच जण आहोत." पलीकडून दादा काय म्हणाला कोण जाणे. ही हसत होती!

९ डिसेंबर

अण्णा अंथरुणात, म्हणून गाईला पेंढा घालायला मी गेले. आज आत गेले.

कोपऱ्यात पेंढ्यात खोलगट जागा, तीन पिल्लांएवढी. तिच्या कडेला गुडघे टेकल्याच्या दोन खुणा. आणि तिथे, पेंढ्यात अर्धी बुडालेली, लाल खणाची चंची. खाडीच्या पाण्याने कडक झालेली.

चंची पदरात घेतली.

घरात आले. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. उशाशी चंची ठेवली. अण्णा वळले. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खंय गावली?"

"तुमच्या उशाखाली."

अण्णांनी चंची हातात घेतली. मग आईने शिवलेल्या त्या खणावरून अंगठा फिरवला आणि अगदी हळू, मला ऐकू येईल एवढंच, म्हणाले —

"व्हय म्हाराजा."